मल्खाचा उजवा कान

आमच्या नांदेडच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला पाळकसाहेब एकटे बोलत नाहीत. मंडळीतली सहा-सात माणसं दहा-दहा मिनिटं बोलतात, आणि कुणी कुणावर बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. येशू आणि पेत्र पाळकसाहेबांकडे. आमच्या वाट्याला उरलीसुरली माणसं येतात: ज्याच्या खांद्यावर जबरदस्तीने क्रूस दिला तो, सुटून गेलेला बरब्बा, शेजारच्या क्रुसांवरचे दोन चोर. आलेली चिठ्ठी बदलून मिळत नाही. नियम फार जुना आहे, आणि माझ्या माहितीत तो मोडायला निघालेला पहिला माणूस मीच.

यंदा महिनाभर आधीच्या रविवारी, उपासना संपल्यावर, चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा माझ्यापुढे आला. मी चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा घडी घातली आणि डब्यात टाकायला गेलो. सेक्रेटरीबाईंनी डबा मागे ओढला. "असं नसतं भाऊ."

"माझा घसा बसलाय."

"महिन्याभरात सुटंल की!"

मी काहीतरी तिखट बोललो आणि चपला घालून बाहेर पडलो. मी तसा रागीटच. रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात कारकुनी करताना साहेब लोकसुद्धा माझ्या टेबलाशी जपून यायचे, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता. घरी येऊन चिठ्ठी टीव्हीखाली सारली. तिच्यावर एकच शब्द होता: मल्ख.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. येशूला धरायला लोक बागेत आले, तेव्हा त्यांच्यात प्रमुख याजकाचा एक चाकर होता. येशूचा शिष्य पेत्र, त्याला राग आवरला नाही. त्याने तलवार उपसली आणि या चाकराचा उजवा कान उडवला. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांनीही ही हकिगत लिहून ठेवली आहे. त्यातल्या तिघांना त्या चाकराचं नाव लिहावंसं वाटलं नाही. चौथ्याने तेवढं लिहिलं, मल्ख म्हणून. येशूने कानाला हात लावून तो बरा केला, हे पुन्हा एकानेच लिहिलंय, आणि तो नाव लिहिणारा नव्हे. मल्ख स्वतः एक शब्द बोलत नाही. कान गेला तेव्हा नाही, परत आला तेव्हाही नाही.

हा माणूस मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तो माझा धाकटा भाऊ होता.

म्हणजे नाटकात. त्या काळी चर्चच्या आवारात दुःखसप्ताहात, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यात, नाटक व्हायचं. कंपाउंडमधली पोरं पात्रं, बायांच्या साड्यांचे पडदे, आणि लाकडी सामान माझ्या वडिलांचं. वडील कंधारकडचे, सुतारकाम करायचे. चर्चची बाकं त्यांनीच केलेली. नाटकासाठी त्यांनी सागवानाची एक तलवार केली होती, पात्याला चंदेरी रंग, मुठीला दोन खिळे आणि वरून सुतळी घट्ट आवळलेली. मी बावीस वर्षांचा होतो आणि पेत्र झालो होतो. भाऊ एकोणीसचा. मल्ख व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण त्याला वाक्यच नाही. भाऊ हसत हसत तयार झाला. तो कशालाही हसत तयार व्हायचा, म्हणून सगळ्यांचा लाडका. आई त्याला राजा म्हणायची. सगळ्याच आया म्हणतात, पण मला म्हटलेलं मला आठवत नाही.

माझं पाठांतर कच्चं होतं. त्याला स्वतःला एक वाक्य नसल्यामुळे त्याने सगळ्यांची वाक्यं पाठ केली होती, आणि तालमीत मी अडलो की तो पुढचा शब्द सांगायचा. पोरं हसायची. नाटकाच्या संध्याकाळी भरल्या आवारासमोर मी अडलो. भाऊ समोर मशाल घेऊन उभा होता. त्याने हळूच शब्द सांगितला. हळूच, पण पहिल्या रांगेतल्या बायांना ऐकू गेला, आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या कानशिलांत आग उठली. पुढच्याच क्षणी तलवार उपसायची होती. बसवलेलं असं होतं की पातं त्याच्या खांद्यावरून जाणार, तो कानाला हात लावणार आणि हातातला लाल आळता गालावर पुसणार.

मी पातं आडवं केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या कानावर मारलं.

तो गुडघ्यावर बसला. लोक म्हणाले, काय काम करतात पोरं! येशू झालेल्या मुलाने ठरल्याप्रमाणे त्याच्या कानावर हात ठेवला, आणि भाऊ ठरल्याप्रमाणे उठून उभा राहिला. टाळ्या पडल्या. नाटक संपेपर्यंत तो शिपायांच्या रांगेत उभा होता. गालावर आळता होता, आणि त्यात थोडं आळत्यासारखं नसलेलंही होतं. पडद्यामागे आल्यावर तो भिंतीला टेकून ओकला.

कानाचा पडदा फाटला होता. मग कान वाहायला लागला, दवाखाने झाले, आणि पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी सांगितलं की या कानाने आता ऐकू येणार नाही. त्याला एसटीत ड्रायव्हर व्हायचं होतं. मेडिकलमध्ये तो पहिल्याच टेबलाशी बाद झाला.

हे सगळं मी सरळ सांगून टाकलं, कारण ते सांगायला मला आता फार जड जात नाही. जड जातं ते पुढचं.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडील ओट्यावर बसले होते. मांडीवर ती तलवार. त्यांनी मूठ पिळून पाहिली, खिळ्यांवरून अंगठा फिरवला, सुतळी सोडली, पुन्हा आवळली. मी समोरून जात होतो. वर न बघता त्यांनी विचारलं, "मूठ सैल व्हती का रे? हातात फिरली का?"

मी म्हणालो, "हाव. फिरली."

एवढंच. दुसरं त्यांनी काही विचारलं नाही. मान हलवली, परसात गेले आणि तलवार कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातली. त्यानंतर चर्चसाठी त्यांनी रंधा हातात धरला नाही. बाक डुगडुगलं की तेव्हाचे सेक्रेटरी घरी यायचे, आणि वडील आपल्या एका दोस्ताचं नाव सांगायचे. हा दोस्त चर्चमध्ये पेटी वाजवायचा आणि थोडंफार सुतारकामही जाणायचा. "त्याच्याकडून करून घ्या, माझ्या हाताचा भरोसा न्हाई," वडील म्हणायचे. लोकांना ते हळूहळू खरंच वाटायला लागलं. मला ते दर वेळी ऐकू यायचं, दर वेळी मी आतल्या खोलीत जायचो. घरात भाऊ कुणाच्या बोलण्यावर "आँ?" म्हणाला की वडील ताटात बघायचे.

वडील बारा वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

तर चिठ्ठी टीव्हीखाली होती आणि मी घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "बसा की जरा, फरशी झिजंल." बसणं जमत नव्हतं. वहीत एक ओळ लिहायची, पान फाडायचं. सकाळी उठून गोदावरीच्या घाटावर फिरायला जायचो, तिथेही लोकांच्या पुढे पुढे चालायचो. घाटावर माझ्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक भेटतात. त्यांना मास्टरसाब म्हणतात. म्हटलं, निदान नावाचा अर्थ तरी विचारू, दहातली दोन मिनिटं त्यात जातील.

"मल्ख?" मास्टरसाब थांबले. "हमारा मलिक समझो. इब्रानी, हिब्रू बोलते ना, वो और अरबी बहनाँच हैं. मलिक बोले तो बादशाह, राजा."

"पण हा तर नोकर होता."

"नाम तो माँ-बाप रखते ना साब. नौकरी दुसराच देता." ते हसले आणि छडी टेकत पुढे निघाले.

मी तिथेच पायरीवर बसलो. कुठल्या तरी आईने आपल्या लेकराचं नाव राजा ठेवलं. लेकरू मोठं होऊन याजकाच्या दारी चाकर झालं, साहेबाच्या हुकमाने मशाल घेऊन बागेत गेलं, आणि दुसऱ्याच कुणाचा राग त्याच्या कानावर निघाला. मला माझ्या आईची आठवण आली आणि माझाच भयंकर राग आला. राग आला की मी चालतो. घाटावरून घरापर्यंत रिक्षा न करता चालत आलो आणि शास्त्र उघडून ती जागा पुन्हा वाचली.

त्या हकिगतीत थोडं पुढे एक गोष्ट आहे जी मी हजार वेळा ऐकूनही ऐकली नव्हती. येशूला धरून नेल्यावर पेत्र याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी शेकत उभा असतो. तिथे त्या मल्खाचा एक नातेवाईक त्याला ओळखतो आणि विचारतो, मी तुला बागेत पाहिलं नव्हतं का? पेत्र म्हणतो, नाही. येशूला मी ओळखत नाही, असं पेत्र तीनदा म्हणाला, त्या नकारांवर आम्ही लहानपणापासून गाणी म्हणत आलो. पण शेवटचा नकार कान गेलेल्या माणसाच्या घरच्याला दिलेला होता, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची बस धरली.

भाऊ लग्नानंतर लातूरला गेला, सासुरवाडीकडच्यांनी त्याला धंद्याला लावलं. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्याचं मोटरसायकलच्या आणि रिक्षांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. लोहा, अहमदपूर करत बस निघाली. खिडकीशी बसून मी काय बोलायचं ते जुळवत होतो आणि माझ्याच लक्षात एक गोष्ट आली, ती आल्यावर मी सीटवरून अर्धा उठलो. शेजारच्या बाईने विचारलं, "उतरायचंय का?" मी नाही म्हणालो.

लक्षात आलं ते असं. मुद्दाम मारल्याचं मी भावाला आधी सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. त्याच्या लग्नात हळदीच्या मांडवात. आई गेली तेव्हा, मातीवरून परत येताना. आणि वडील गेल्यावर, त्याच्याच दुकानात. प्रत्येक वेळी मी बोललो, मन हलकं करून घेतलं, आणि तो काही बोलला नाही म्हणजे त्याने माफ केलं असं धरून चाललो. आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या उजव्या बाजूला होतो. हळू आवाजात. चाळीस वर्षं ज्याच्याशी बोलतोय त्याचा कुठला कान चालतो हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल काय? इतका लबाड मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

तरी खोड जात नाही. दुकानात पोचलो, भावाने मशीनवरूनच "ये दादा" म्हटलं, आणि मी जाऊन बसलो ते नेमका उजव्या हाताच्या स्टुलावर. मशीनचा खडखडाट चालू होता. रेक्झिनचा वास, समोर उघड्या सीटांचा ढीग. मी तोंड उघडलं आणि पुटपुटायला लागलो, "त्या नाटकाच्या दिवशी..."

समोर किराण्याचं दुकान आहे. मालक कपाळाला भस्माचे पट्टे ओढून सकाळपासून गल्ल्यावर बसलेले असतात. त्यांनी तिथूनच हाक दिली, "ओ पाव्हणं! तिकडून बोला, डावीकडून. त्यांना या बाजूनं यीत न्हाई."

गल्लीतल्या किराणेवाल्याला जे माहीत, ते सख्ख्या भावाला नाही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी उठलो, स्टूल उचललं, मशीनला वळसा घालून डावीकडे ठेवलं. भावाने पायडलवरून पाय काढला आणि माझ्याकडे बघितलं. आता आवाज नव्हता.

"मी तुला मुद्दाम मारलं व्हतं," मी म्हणालो. "तू शब्द सांगितलास आन् बाया हसल्या. मला राग आला. जोर लावून मारलं."

त्याने दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "राग आलता ते मला ठाव हाय. तुझं तोंड बघितलं की मी. मला वाटलं, दोन-चार लावाव्या म्हणून मारलंस, आन् मूठ फिरली म्हणून एवढं लागलं. बाबा तसंच सांगायचे."

"मूठ फिरली न्हाई."

"मंग बाबा कामून म्हणायचे?"

"त्यांनी इचारलं व्हतं. मी हाव म्हणालो."

 त्याने कात्री उचलली, दोरा कापला, कात्री परत ठेवली. त्याच्या जागी मी असतो तर ती कात्री फेकून मारली असती. मला वाटत होतं त्याने फेकावी. तो उठून मडक्यातलं पाणी प्यायला आणि पाठ करूनच बोलायला लागला.

"शेवटच्या साली बाबा इथं महिनाभर व्हते. तुला माहीतच हाय. रोज दुपारी मला खाली बसवायचे आन् कानात थेंब घालायचे. कुठून तरी बाटली आणली व्हती. मी म्हणायचो, बाबा, त्या कानात आता काय न्हाई, कामून वाया घालून राहिलाव? म्हणायचे, घालू दे रे, माझ्या हातानं गेलाय. रोज. महिनाभर."

हे मला माहीत नव्हतं. मी रडायला लागलो. समोरचे किराणेवाले दुसरीकडे बघायला लागले.

"रडू नको इथं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. त्याचा चढलेला आवाज मी आयुष्यात फार थोडा ऐकलाय. "माझ्या कानाचं काय घेऊन बसलास? मला एकाच कानाची सवय हाय. मी शिकलो, पोरं शिकवली. पण बाबाचं काय? अख्ख्या चर्चनं मानलं की ह्या सुताराला तलवारीची मूठ ठोकता यीना. आन् त्यानं सोताबी तेच मानलं. आन् तू मला सांगायला आलास व्हय? मला सांगून काय व्हतंय?"

मी त्याला चिठ्ठीचं सांगितलं. त्याने तोंड पुसलं. "मल्ख तुझ्याकडं आला? मंग बरं झालं. तिथं सांग. बाबाच्या वयाचे जे दोन-चार उरलेत, त्यांना सांग."

"तू येशील?"

"न्हाई. माझं ऐकून झालंय." तो मशीनवर बसला. जेवूनच जा, एवढं मात्र त्याने सांगितलं, आणि आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो.

पुढचे आठ-दहा दिवस मी घरात कुणाला नीट जेवू दिलं नाही. पाळकसाहेबांना फोन करून प्रकृतीचं कारण सांगायचं तीनदा ठरवलं. एकदा फोन लावलाही. त्यांनी उचलल्यावर दुसऱ्या उपासनेची वेळ विचारली आणि ठेवून दिला. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील त्याची तुम्हाला एवढी भीती, आणि मामंजींनी ते एवढी वर्षं कसं काढलं असंल?" त्यावर मी भांडलो. भांडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चर्च भरलं होतं, पंखे गरम हवा ढवळत होते. माझा नंबर चौथा. वडिलांनी केलेल्या बाकावरून उठून मी पुढे गेलो. पुढच्या रांगेत वडिलांचे ते पेटीवाले दोस्त बसले होते. आता नव्वदीला आले असतील, पेटी कधीच सुटली, पण कान ठणठणीत. मी वही उघडली. मल्ख म्हणजे राजा, हे सांगितलं. चौघांपैकी एकानेच त्याचं नाव लिहिलं, हेही सांगितलं. मग वही मिटली, कारण पुढचं तिच्यात लिहायची मला हिंमत झाली नव्हती.

"आपल्या आवारात एक मल्ख झाला होता," मी म्हणालो. "जुन्या लोकांना आठवत असेल. त्याचा कान गेला आणि परत आला नाही. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय की तलवारीची मूठ सैल होती. ती सैल नव्हती. माझ्या वडिलांनी ती घट्ट ठोकली होती. मी भावाला रागाने मारलं, आणि वडिलांनी विचारलं तेव्हा दोष त्यांच्या कामावर ढकलला. त्यांना मरेपर्यंत तेच खरं वाटलं."

दहा मिनिटं मिळाली होती, माझी चार झाली असतील.  पाळकसाहेब घड्याळाकडे बघत होते, पुढच्याला बोलवावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मी उतरायला लागलो. पुढच्या रांगेतून वडिलांच्या दोस्तांनी माझा हात धरला, खाली ओढला, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "म्हंजी त्यो बिचारा उगंच झुरला म्हण की रं?"